‘शीतळ’ काढ

९ डिसेंबर

कविराज,

तुझी अट आज मोडते आहे. घर सोडताना तू म्हणाला होतास, आई, हवं ते लिही, पण त्यांच्याबद्दल एक ओळही नको. चार वर्षं पाळली ती अट. शिवणयंत्राचा पट्टा तुटल्याचं कळवलं, वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या गुडघ्यांचं कळवलं, गच्चीवरची टाकी गळते तेसुद्धा कळवलं. ज्या माणसाबरोबर राहायचं, तो घरात नाहीच असं धरून पत्रं लिहायची, हे किती जिकिरीचं असतं ते तुला कळायचं नाही. पुरे झालं.

तुझ्या बाबांना ऑक्टोबरात झटका आला. मेंदूचा. जीव वाचला, त्या धोक्यातून बाहेर आहेत. उजवा हात जड आहे, उजवा पाय ओढत चालतात. पण वाचा गेली. समोरच्याचं सगळं समजतं, मनात सगळं असतं, तोंडातून मात्र एकच शब्द येतो: ‘तसं.’ भूक लागली तर तसं. नको असेल तर तसं. मला हाक मारायची तरी तसं. उभा जन्म वर्तमानपत्राच्या टेबलाशी बसून दुसऱ्यांच्या बातम्यांतले जादा शब्द कापले, आणि आता स्वतःकडे एकच उरला. फोन करून सांगितलं असतं, पण फोन त्यांच्या उशाशी आहे. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल कसं बोलणार?

रडायला म्हणून हे पत्र लिहीत नाही. परवा एक गोष्ट घडली, ती सांगायची आहे.

सकाळी त्यांचे केस विंचरत होते. माझ्या तोंडून आपली सहज शाळेतली एक ओळ निघाली, ‘मुंगी चालली रांगेने’. आम्ही दोघं एकाच शाळेतले, हे तुला माहीत आहे. तर हे आरशात बघत म्हणाले, ‘डोईवर दाणा तिच्या.’ स्वच्छ. एक अक्षर अडखळलं नाही. माझ्या हातातून कंगवा पडला. मी म्हटलं, ‘अहो, परत म्हणा.’ पुढच्या चारही ओळी म्हणून दाखवल्या. मग मी म्हटलं, ‘आता पाणी म्हणा. पा-णी.’ त्यांनी तोंड उघडलं, मान ताणली, घाम फुटला. आणि आलं काय, तर ‘तसं’.

दवाखान्यातली स्पीच थेरपिस्ट तरुण मुलगी आहे, मी तिला बोलतीबाई म्हणते. तिला सांगितलं तर ती खुर्चीतून उठलीच. म्हणाली, ‘आई, आपण रोज बोलतो ते गद्य. त्याची वाट यांच्या डोक्यात बंद झाली आहे. पण लयीत बांधलेलं दुसऱ्या बाजूने बाहेर येतं, आणि ती बाजू शाबूत आहे. रोजच्या गरजेची वाक्यं लयीत बसवा. डाव्या हाताने टेबलावर ठेका धरायला लावा. वाक्य पक्कं झालं की ठेका हळूहळू काढून घेऊ.’

मी घरी येऊन पदर खोचून बसले. खूप डोकं चालवून ओळ केली: ‘अहो मला आता पाणी पाहिजे आहे जरा आणून देता का’. चाल लावून म्हणून दाखवली. बोलतीबाई हसू दाबत म्हणाली, ‘आई, चाल लावली तरी हे साधं वाक्यच आहे. याला मध्ये कुठे टेकू नाही. त्यांचा पाय कशावर पडणार?’

तुमचं भांडण तेव्हा मला पहिल्यांदा नीट समजलं. तुझ्या पुस्तकाच्या प्रकाशनाच्या दिवशी घरभर पाहुणे असताना यांनी तुझी कविता एका दमात, ओळी सलग जोडून, बातमी वाचावी तशी वाचली आणि म्हणाले, ‘बघा, ओळी तोडल्या म्हणून पद्य झालं, जोडल्या की गद्यच आहे.’ सगळे हसले. तू म्हणालास, ‘ओळीनंतरची शांतता तुम्हाला ऐकूच येत नाही.’ आणि सकाळी पिशवी उचललीस. कोण बरोबर, कोण चूक, हे तेव्हाही मला ठरवायचं नव्हतं, आताही नाही.

मला ओळी हव्या आहेत. छंद तू कॉलेजात असतानाच सोडलास, ‘त्या जुन्या बेड्या आहेत’ म्हणायचास, पण बेड्या कशा घडवतात ते तुला येतं. मुंगीच्या ओळीसारख्या, आठ आठ अक्षरांच्या ओळी पाठव. कविता नको, उपयोगाचं हवं. पाणी, दिवा, चष्मा, एवढ्यापासून सुरू कर.

घरी ये असं मी म्हणत नाही. ओळी पाठव.

आई

३० डिसेंबर

कविराज,

कार्ड मिळालं. वर मायना नाही, खाली सही नाही. सहा ओळी, आणि बाकी कार्ड कोरं. पोस्टमनने दोनदा उलटसुलट करून पाहिलं.

तुझ्या ओळी आम्ही भिंतीला चिकटवल्या आहेत. ‘दवाखान्यातून दिल्यात,’ असं मी यांना सांगितलं. तुझं नाव काढलं आणि त्यांनी तोंड फिरवलं तर? तो धोका आत्ता परवडायचा नाही.

रोज सकाळी टेबलाशी बसतो. त्यांचा डावा हात, त्यावर माझा हात, आणि ठेका. पहिले काही दिवस नुसते आवाज निघायचे. शनिवारी दुपारी मी भाजी निवडत होते. आतून टेबलावर टकटक ऐकू आली आणि मागून त्यांचा आवाज:

‘घसा सुकला, सुकला,
देई शीतळ ते पाणी.’

नवऱ्याने पाणी मागितलं तर बायकांना कटकट वाटते. मी निवडायची भाजी तशीच टाकून उठले. मग पाणी नेऊन दिलं. अर्थात कोमट. या थंडीत शीतळ कुणाला हवंय? तेवढं तू अक्षरं भरायला घातलं असशील, मला कळतं.

दुसरी जोडी दिव्याची.

‘दिवा डोळ्यांत खुपतो,
मालव ना, झोप येते.’

हीही येते, पण अजून घोळ होतो. रेडिओ लावायचा असेल तरी दिवाच खुपतो. काल चष्मा नाकावर असताना मला विचारत होते,

‘चष्मा कुठे ठेवला मी?
नाकावर नाही माझ्या.’

मी हसले. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग तेही हसले. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा. त्यांना नक्की काय हवं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण ते हसणं मी सोडणार नव्हते.

तर आता या घरात गद्य बोलणारी मी एकटीच उरले आहे. हे पद्यात पाणी मागतात, तू पद्यात कार्ड पाठवतोस. तुझी वाचा तर शाबूत आहे ना? ‘आई, ते कसे आहेत’ हे विचारायला आठ अक्षरं मोजावी लागत नाहीत.

पुढच्या खेपेला रागावण्यासाठी काहीतरी दे. माणसाला नुसतं पाणी आणि दिवा पुरत नाही. त्यांच्या नाकावर राग असतो, तो बाहेर काढायला शब्द नाहीत, मग ताटली ढकलतात आणि नंतर ओशाळतात. ते मला बघवत नाही.

आई

१८ जानेवारी

कविराज,

तुझा राग इथे पोचला आणि घरात जान आली.

‘नको नको सांगू मला,
माझे मला ठरवू दे.’

ही जोडी त्यांनी एका सकाळी पाठ केली. आधीच्या तिन्हींना मिळून जेवढे दिवस लागले त्याच्या निम्मेही लागले नाहीत. तेव्हापासून कुणाला सोडलेलं नाही. गोळ्या पुढे केल्या की म्हणतात. मफलर गुंडाळायला गेले की म्हणतात. बोलतीबाई ‘हात वर करा’ म्हणाली, तिलाही ऐकवलं. तिने टाळ्या वाजवल्या.

पण खरी मजा रविवारी झाली. त्यांच्या ऑफिसातला जुना मित्र आला होता, प्रूफं तपासायचा तो, उंच, कायम पान उलटायच्या घाईत असलेला. चांगला माणूस आहे, पण आजारी माणसाशी कसं बोलावं हे बऱ्याच चांगल्या माणसांना कळत नाही. तो मोठ्या आवाजात, एकेक शब्द तोडून बोलायला लागला. ‘आता... तुम्ही... शांत... पडून... राहायचं. काय? वहिनी... सांगतील... ते... ऐकायचं.’ मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘यांना कळतं का हो?’

हे खुर्चीत ताठ झाले. डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर ठेका धरला, आणि एका दमात त्याला सुनावलं. ‘नको नको सांगू मला, माझे मला ठरवू दे.’ मित्र गारच पडला. मग हळूच खाली बसला, यांचा हात हातात घेतला आणि साध्या आवाजात म्हणाला, ‘चुकलं रे.’ त्यानंतर ऑफिसातल्या सगळ्या भानगडी त्याने यांना तासभर सांगितल्या, पूर्वीसारख्या. हे ऐकत होते, मान हलवत होते, मधूनच ‘तसं’ म्हणत होते. त्या ‘तसं’चा अर्थ लागत होता त्याला.

एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. शिवणकाम चालू आहे असं लिहीत होते, ते खोटं. ऑक्टोबरपासून यंत्रावर चादर टाकलेली होती. हात चालेना माझा. या सोमवारी चादर काढली. शाळेच्या गणवेशांचं काम परत घेतलं. पायाने यंत्र चालवलं की एकसारखा आवाज येतो ना, हे त्यांची खुर्ची त्याच्याजवळ ओढून घेतात आणि त्या ठेक्यावर सराव करतात. शिलाई जरा वाकडी जाते, कारण त्यांना हळू लय हवी असते. कॉलरी उसवून परत घालते.

आणि हो, कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तू लिहिलं आहेस, ‘ते चालतात का?’ मी भिंग घेऊन वाचलं. यमक नाही, मात्रा नाही, पूर्ण वाक्य आहे. फाटकापर्यंत चालतात. काठी घेऊन, पण माझा हात न धरता.

आई

८ फेब्रुवारी

माझ्या लेका,

घाईत लिहिते आहे, अक्षराकडे बघू नकोस.

काल सकाळी आम्ही टेबलाशी बसलो होतो. त्यांनी पाण्याची ओळ सुरू केली, ‘घसा सुकला, सुकला’. तिथपर्यंत नेहमीसारखं. मग ‘देई’ म्हणाले आणि थांबले. हात हवेत राहिला. मला वाटलं, अडकले. मी पुढचा शब्द पुरवणार, तेवढ्यात त्यांनी मला हाताने गप्प केलं. भिंतीवरच्या तुझ्या कार्डाकडे बघत होते. कपाळावर ती आठी, टेबलावर बातमी आली की पडायची तीच. ओठ हलले, काही आलं नाही. परत हलले. आणि मग ठेक्याशिवाय, चालीशिवाय, अगदी कोरड्या आवाजात म्हणाले,

‘शीतळ... काढ.’

मला कळलंच नाही. म्हटलं, ‘काय काढू?’

‘शीतळ. काढ.’ आणि बोट कार्डावर.

अरे, हे तू लिहिलेलं नाही. मी शिकवलेलं नाही, बोलतीबाईने शिकवलेलं नाही. त्यांचं स्वतःचं वाक्य आहे. दोन शब्दांचं, पण त्यात कर्म आहे, क्रियापद आहे, आणि आज्ञा आहे. झटक्यानंतरचं पहिलं गद्य, आणि ते तुझ्या ओळीतला भरतीचा शब्द कापण्यासाठी.

मी पेन आणून ‘शीतळ’वर काट मारली. ते समाधानाने मागे टेकले. मग जरा वेळाने कार्डाकडे बोट करून म्हणाले, ‘पोरगं.’

म्हणजे पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं. तुझं अक्षर त्यांना कळणार नाही असं मी कसं धरलं? मी दवाखान्याच्या थापा मारत होते आणि ते रोज सकाळी तुझ्या ओळी म्हणत होते, माहीत असून.

बोलतीबाईला सांगितलं. ती म्हणाली, ‘आई, ही वाट उघडली. आता ती वापरात राहिली पाहिजे.’ म्हणून हे पत्र लगेच टाकते आहे. त्या ओळीत अक्षरं कमी पडताहेत, दुसरी पाठव. बघू या काय करतात.

आई

२१ फेब्रुवारी

लेका,

तुझी सुधारलेली ओळ आली, ‘देई थोडे तरी पाणी’. खाली टीपही होती: ‘आठ अक्षरं लागतातच. एकही काढता येणार नाही, त्यांना सांग.’ तुझा फणकारा कार्डातून इथवर पोचला. त्यांना वाचून दाखवला. डोळे असे चमकले की मला पंचवीस वर्षांपूर्वीचे हे दिसले.

दोन दिवस लावले त्यांनी. जेवताना ओठ हलत होते. मग म्हणाले, ‘थोडे... नको.’ मी काट मारली. संध्याकाळी ‘तरी’ गेला. उरलं ‘देई पाणी’. मला वाटलं, आता झालं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे बघून, हाताचा ठेका न धरता म्हणाले,

‘अगं. पाणी दे.’

‘अगं’ कुठून आलं? तुझ्या कुठल्याच ओळीत ‘अगं’ नव्हतं. चार महिने मला कुणी ‘अगं’ म्हटलं नव्हतं. पाणी दिलं आणि मग मी यंत्रावर जाऊन उगाच एक सरळ शिवण मारली, लांबच्या लांब, रिकाम्या कापडावर.

आता बाकीच्या ओळींनाही कात्री लागली आहे. ‘मालव ना, झोप येते’ याचं आधी ‘मालव’ झालं, मग ‘दिवा घालव’. ‘मालव’ कुणी बोलत नाही, हे त्यांचं म्हणणं त्यांनी तोंड वेंगाडून मला समजावलं. चष्म्याच्या जोडीतली दुसरी ओळ उडवली, पण माझ्या आग्रहाखातर अधूनमधून म्हणतात.

तुम्ही दोघं पोस्टातून भांडता आहात, हे मला कळतं. भांडा. मी तिकिटं आणून ठेवली आहेत.

आई

५ मार्च

लेका,

आज जरा वेगळं लिहिते.

गेल्या आठवड्यात बोलतीबाईने दोन पाहुण्या डॉक्टरांसमोर यांना ओळी म्हणायला लावल्या. यांनी म्हटल्या. त्यातला एक डॉक्टर कौतुकाने म्हणाला, ‘वा, आजोबा, तुम्ही तर कवी झालात.’ यांचा चेहरा उतरला. घरी येऊन भिंतीवरची कार्डं एकेक करून काढली, डाव्या हाताने, एकही न फाडता, आणि कपाटात ठेवली. मी म्हटलं, ‘अहो, सरावाला लागतील.’

‘नको,’ म्हणाले. मग खूप वेळ शोधून: ‘त्याचं. माझं... नाही.’

तेव्हापासून ओळ म्हणत नाहीत. ठेका धरत नाहीत. यंत्राजवळ खुर्ची आणत नाहीत. स्वतःचं बोलायला जातात, दोन शब्दांवर अडतात, आणि तोंडात मूग धरून बसतात. परवा पूर्ण दिवसात एक शब्द नाही, ‘तसं’सुद्धा नाही. बोलतीबाईने मला बाजूला घेऊन सांगितलं, काही माणसं या वळणावर कायमची गप्प होतात. उसनं बोलायचं नसतं आणि स्वतःचं सापडत नाही.

मी घाबरले आहे, ते लपवत नाही.

सध्या ओळी पाठवू नकोस. त्यांना काय हवंय ते मला कळतंय असं वाटतं. तू त्यांना पत्र लिही. मला नाही, त्यांना. साधं, सलग, आपण बोलतो तसं. तुझा दिवस कसा जातो, तू काम करतोस त्या वाचनालयात कोण येतं, रात्री काय रांधतोस. तुला ते ओळी तोडण्यापेक्षा अवघड जाईल, मला माहीत आहे. चार वर्षं तूही त्यांच्याशी एक वाक्य बोललेला नाहीस.

महिनाअखेरीला दवाखान्यात रुग्णांचा आणि घरच्यांचा मेळावा आहे. बोलतीबाईने यांना ओळी म्हणायला बोलावलं आहे. मी नाही म्हणणार होते, पण यांनी ‘जाऊ’ म्हणून मान हलवली. का, ते कळलं नाही.

आई

२७ मार्च

लेका,

तुझं पत्र अजून आलेलं नाही, पण मला थांबवत नाही. मेळाव्याहून आत्ता परतलो. हे समोर बसून पेज पिताहेत आणि मी काय लिहिते ते उलट्या बाजूने वाचायचा प्रयत्न करताहेत.

सभागृह भरलेलं होतं. चाकाच्या खुर्च्या, काठ्या, आणि आमच्यासारख्या दमलेल्या बायका आणि नवरे. एकीने गाणं म्हटलं. एका तरुण मुलीने एक ते वीस अंक म्हटले, तिची आई मागे उभी राहून ओठ हलवत होती. मग यांचं नाव पुकारलं. पायऱ्या चढायला मी हात दिला, तो यांनी झटकला. माईकसमोर उभे राहिले. बोलतीबाईने ठेक्यासाठी छोटं टेबल आणून ठेवलं होतं.

टेबलावर बोटं ठेवली आणि म्हणाले, ‘घसा सुकला, सुकला, देई शीतळ ते पाणी.’ पहिल्या कार्डावरची, तू लिहिलीस तशीच. त्यांनी स्वतः कापलेला शब्द सगळ्यांसमोर परत घातला. टाळ्या झाल्या.

टाळ्या थांबेपर्यंत हे थांबले. मग टेबलावरचा हात उचलून खिशात घातला.

‘हे,’ म्हणाले, ‘माझ्या मुलाचं. तो... कवी आहे.’

शेजारी बसलेल्या बोलतीबाईने वळून माझ्याकडे पाहिलं.

‘आता माझं.’

आणि मग बोलले. तीन आठवडे खिडकीशी बसून ओठ हलवत होते, ते हेच जुळवत असणार. किती वेळ ते मला माहीत नाही. प्रत्येक शब्दाआधी थांबत होते. एकदा तर इतका वेळ थांबले की बोलतीबाई उठायला लागली, मी तिचा हात धरून खाली बसवलं. मी घरी येताना रिक्षात सगळं पाठ करत आले, म्हणून जसंच्या तसं लिहिते आहे.

‘कवितेत... पुढचा शब्द... उभा असतो. वाट बघत. आपण नुसतं... जायचं. तो हात देतो. मी... हसायचो त्याला. कवितेला. चूक होती. मला... तिनेच... आणलं. इथवर.’ मग पाणी प्यायले. ‘गद्यात... कोणी नसतं. पुढे. अंधार. एक शब्द... शोधायचा. ठेवायचा. त्यावर... उभं राहायचं. मग... दुसरा. मला वाटायचं... सोपं आहे. उभा जन्म... केलं. सोपं... नाही.’

त्यांनी सभागृहाकडे पाहिलं. पहिल्या रांगेत ती अंक म्हणणारी मुलगी होती. तिच्याकडे बघून म्हणाले, ‘थांबलं... तरी चालतं. शब्द... कुठे जात नाही.’

त्या मुलीच्या आईने तोंडाला रुमाल लावला. मग कुणीतरी मागून टाळी वाजवली आणि सगळं सभागृह वाजायला लागलं, खुर्च्यांचे दांडे, काठ्या, जे हाताला लागेल ते. हे खाली उतरले. शेवटच्या पायरीवर मला म्हणाले, ‘लांबलं का?’

मी म्हटलं, ‘एक शब्दही काढायचा नाही त्यातला.’

ते म्हणाले, ‘एक आहे. अंधार.’

बातमीत असले शब्द त्यांनी कधी चालू दिले नाहीत, तुला आठवत असेल. मी म्हटलं, ‘तो राहू दे.’ जरा विचार करून म्हणाले, ‘बरं.’

आई

१६ एप्रिल

लेका,

तुझं पत्र त्यांच्या नावाने आलं. मी उघडलं नाही. त्यांनी स्वतः उघडलं, दाताने आणि डाव्या हाताने. वाचायलाही त्यांना अजून फार वेळ लागतो, ओळीखाली बोट ठेवून जातात. मी मदत करू का विचारलं तर तुझी ती रागाची जोडी, ठेक्यासकट, मला ऐकवली. कार्डं कपाटातून परत भिंतीवर आली आहेत, हे जाता जाता सांगते.

पत्रात काय आहे ते मला सांगितलं नाही. मधूनच हसत होते. एकदा चष्मा काढून पुसला, तेव्हा मी शेगडीकडे बघत राहिले.

आज सकाळी मला समोर बसवून म्हणाले, ‘लिही.’ मी लिहिलं. जेवणाची वेळ होऊन गेली. मध्ये दोनदा माझे शब्द घुसले, ते त्यांनी वाचून घेतले आणि काढायला लावले. खाली सही त्यांची आहे, डाव्या हाताची.

‘तुझं पत्र वाचलं. तीन पानं आहेत. दोन दिवस लागले. दुसऱ्या पानावर एक वाक्य फार लांब आहे. बाकी चांगलं आहे. वाचनालयातल्या म्हाताऱ्याचं आवडलं. तुझं नवं पुस्तक पाठव. ओळ संपली की थांबून वाचीन. मी आता बोलतो. हळू बोलतो. कोणी घाई केली की शब्द जातो. तू घाई करू नकोस. ये.’

मी विचारलं, ‘एवढंच? आशीर्वाद, वाट बघतो, वगैरे काही लिहायचं नाही?’

त्यांनी कागद स्वतःकडे ओढला, शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं आणि शांतपणे, न अडखळता म्हणाले, ‘त्यात सगळं आलं.’